दहा कामट्यांचा तारा

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या गॅलरीतला आकाशकंदील खाली उतरतो. बायको त्याच्यावरची धूळ झटकते, जुन्या साडीत गुंडाळून तो पोटमाळ्यावर ठेवायला माझ्या हाती देते आणि विचारते, "आता तुमचा दुसरा हंगाम ना?" मी मान डोलावतो आणि पिशवी घेऊन बुरुडाकडे निघतो. पन्नास वर्षं उलटून गेली, आमच्या घरात दर साल हा संवाद होतो. शब्दही फारसे बदललेले नाहीत.

दुसरा हंगाम म्हणजे नाताळचा. आम्ही ख्रिस्ती नाही. आमच्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण आहे, अन्नपूर्णा आहे, एक शाळिग्राम आहे. पण दर डिसेंबरात माझ्या हातून एक पांढरा तारा तयार होतो आणि तो दुसऱ्याच्या घरावर लागतो. रिटायर झाल्यापासून लोक मला विचारतात, "वेळ कसा घालवता?" मी सांगतो, कंदील करतो. ते हसतात. बहुधा त्यांना वाटतं, दिवाळीपुरतं काहीतरी सांगतोय.

छंद म्हणाल तर मला दोन. दुसरा म्हणजे रेल्वेची पुठ्ठ्याची जुनी तिकिटं. त्यांचा जनक एडमंडसन नावाचा एक इंग्रज स्टेशनमास्तर, गेल्याच्या मागच्या शतकातला. माझ्याकडे बिस्किटाचे तीन डबे भरून ती तिकिटं आहेत. मुलगा त्यांना 'पपांची इस्टेट' म्हणतो आणि वाटणीत आपल्याला नको, हे आत्ताच सांगून ठेवतो. तेव्हा त्या छंदाबद्दल इथे जास्त लिहीत नाही. तो माझ्यापुरता आहे. ताऱ्याचं तसं नाही.

१९७३ साली माझं लग्न झालं. पश्चिम रेल्वेत, चर्चगेटला, कारकुनाची नोकरी होती. जागेसाठी वणवण केल्यावर अंधेरीच्या पूर्वेला मरोळ गावठाणात दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. मालक ईस्ट इंडियन. हे नाव ऐकून मी चक्रावलो होतो. पश्चिम किनाऱ्यावरची, पिढ्यान् पिढ्या घरात मराठी बोलणारी, भातशेती करणारी ही माणसं पूर्वेकडची कशी? पहिल्याच महिन्यात भाड्याची पावती फाडता फाडता अंकलनी उलगडा केला. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षं झाली, त्या वेळी मुंबई, साष्टी, वसई या भागातल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' काढली. गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती मंडळींहून आपण निराळे, आपण इथलेच, शिवाय ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतले जुने, हे सरकारदरबारी कळावं म्हणून ते नाव घेतलं. "इथलेच आहोत हे सांगायला नाव मात्र बाहेरचं घ्यावं लागलं," असं म्हणून अंकल हसले आणि पावतीवर सही केली.

इथलेच म्हणजे किती इथले, हे पुढे एकदा त्यांनी दाखवलं. मरोळच्या चर्चचं मूळ ठिकाण कोंडिविट्याला. १५७९ साली बांधलेलं ते चर्च. १८४० च्या सुमाराला साथ आली, माणसं पटापट मेली आणि गाव उठून मरोळला आलं. चर्चही मागे सोडून दिलं. त्याच्या पडक्या भिंती आता सीप्झच्या कुंपणाच्या आत आहेत. आत कॉम्प्युटरच्या आणि हिऱ्यांच्या कंपन्या, आणि मध्येच चारशे वर्षांपूर्वीच्या त्या भिंती.

आता ताट. पहिल्या डिसेंबरात, पंचवीस तारखेच्या सकाळी, आंटी आमच्या दारात उभ्या. हातात चिनी मातीची बशी, वर क्रोशाची पांढरी जाळी. जाळीखाली काय होतं ते बायकोला आजही तोंडपाठ आहे: नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंजीची सख्खी बहीण, कुलकुल, म्हणजे काट्याच्या पाठीवर वळवून तळलेले शिंपल्यांसारखे गोड तुकडे, शंकरपाळ्याचे चुलत भाऊ, दुधाच्या वड्या, साच्यातून काढलेल्या, पेरूच्या गराचं घट्ट लालभडक 'चीज', ज्यात चीज नावालाही नसतं, आणि काळपट केकचे दोन तुकडे. या सगळ्याला मिळून म्हणतात कुसवार.

माझी आई तेव्हा आमच्याकडे राहायला आलेली होती. तिनं दारातच विचारलं, "यात अंडं आहे का हो?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आंटींना काही वाटलं नाही. "केकमध्ये हाय. कुलकुलमध्ये यंदा नाय घातला, तुमच्यासाठी निराळा घाणा काढला," त्या म्हणाल्या. नव्या भाडेकरूच्या घरात एक म्हातारी बाई आलेली आहे आणि ती अंडं खात नसणार, हे आमच्याशी एक शब्द न बोलता त्यांनी हेरलं होतं. आईनं त्या दिवशी कुलकुल खाल्ले. केक आम्ही दोघांनी रात्री दार लोटून खाल्ला. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "वास छान येत होता."

भांडं रिकामं परत करू नये, हे आपल्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालून देतात. पण बायको नवी, घरात डबे चार, काय घालून द्यावं या विचारात बशी तशीच राहिली आणि संक्रांत आली. मग ती तिळगूळ घेऊन गेली. पुढच्या दिवाळीत फराळ गेला तो आमच्या स्टीलच्या ताटातून. लग्नात मिळालेलं ताट. पाठीवर बायकोचं नाव आणि तारीख टोचून घातलेली. ते नाताळला कुसवार घेऊन आलं आणि तेव्हापासून ते कुणाचं हा प्रश्नच राहिला नाही. वर्षातला अर्धा काळ इकडे, अर्धा तिकडे. श्रावणात आंटींच्या वाडीतली घोसाळी त्यात घालून यायची, गणपतीत मोदक जायचे.

हे सगळं बायकांचं. माझ्याकडून काय? भाडं देतो म्हणजे काही देतो असं होत नाही. त्या पहिल्या नाताळात त्यांच्या ओसरीवर लागलेला पुठ्ठ्याचा तारा एका कोपऱ्यात फाटलेला मी पाहिला होता. लहानपणी वाईला वाड्यातले आठही बिऱ्हाडांचे कंदील मी आणि माझा मोठा भाऊ करायचो. कामट्या तासायच्या, सुतानं बांधायच्या, मैद्याची खळ करून पतंगाचा कागद चिकटवायचा, खाली झिरमिळ्या. हात सराईत होता. म्हटलं, तारा तर तारा.

१९७४ चा तो पहिला तारा चुकला. एका पातळीतला पाच टोकांचा तारा केला आणि दिवा मागे टांगला, अंकल म्हणाले, "हा पोटात जेवलेला नाय दिसत." खरा तारा फुगीर हवा. त्याला दहा लांब कामट्या लागतात. पाच-पाचांचे दोन तारे बांधायचे, एकावर एक ठेवून त्यांची टोकं तेवढी घट्ट आवळायची आणि मग आतल्या पाच सांध्यांमध्ये वीतभर लांबीच्या पाच बुटक्या काड्या आडव्या बसवायच्या. त्या बसताना दोन्ही तारे एकमेकांपासून दूर रेटले जातात, कामट्या धनुष्यासारख्या ताणतात आणि सांगाड्याला पोट येतं. तो ताण हातांना कळतो. कामटी वाळकी असेल तर याच क्षणी कडकन मोडते, म्हणून बांबू ओलाच हवा. आत झिरोचा बल्ब. कागद पांढरा. आंटी म्हणायच्या, रंगीत करायचा असेल तर दिवाळीत कर.

छंद जडला की माणूस त्याच्या मागे वाचत जातो. जर्मनीत १८३० च्या दशकात नीस्की गावी मोरावियन पंथाच्या शाळेत भूमितीचा धडा म्हणून मुलांकडून कागदाचे अनेक टोकांचे तारे करून घेत, त्यातून तिकडचा प्रसिद्ध नाताळचा तारा निघाला. फिलिपिन्समध्ये मात्र हुबेहूब आपल्यासारखंच: बांबूच्या कामट्या, पातळ कागद, पाच टोकं. तिथे त्याला 'पारोल' म्हणतात आणि सान फर्नांडो शहरात तर घराएवढ्या कंदिलांची चढाओढ लागते. बांबू आणि पतंगाचा कागद जिथे आहे तिथे माणसाच्या डोक्यात तीच गोष्ट येत असावी. कथा सगळ्यांना ठाऊक आहे: पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांना एका ताऱ्यानं वाट दाखवली आणि ते बाळासाठी सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन पोचले. बाळंतिणीच्या घरी यातलं एकही कामाचं नाही, असं आंटींचं मत होतं. "कुणीतरी तूप न्यायला पायजे होता," असं त्या दर वर्षी म्हणत.

एका वर्षाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. १९९२. सहा डिसेंबरनंतर मुंबई पेटली, संचारबंदी लागली, आमचं ऑफिसला जाणंही जिकिरीचं झालं. मी ज्याच्याकडून वर्षानुवर्षं पतंगाचा कागद घ्यायचो, ते अंधेरी स्टेशनजवळचं छोटं दुकान बंद होतं. वीस तारखेला गेलो तरी बंद. शेजारचा पानवाला म्हणाला, "वो गाँव चला गया." संक्रांतीच्या तोंडावर पतंगवाला गाव गाठतो म्हणजे काय, हे समजायला जास्त विचारावं लागलं नाही. ते दुकान नंतर कधीच उघडलं नाही. आज तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

मी हात हलवत घरी आलो. सांगाडा तयार होता, कागद नव्हता. या वर्षी राहू दे, असं मी आंटींना सांगायला गेलो. खरं तर माझ्या मनात वेगळंच होतं. या दिवसांत घराबाहेर कुठल्याही धर्माची खूण उजेडात टांगावी का, हे मला कळत नव्हतं. ते मी बोललो नाही; पण बोलायची गरज नव्हती. आंटी आत गेल्या आणि रद्दीचा गठ्ठा घेऊन आल्या. "याचा कर."

वर्तमानपत्राचा कागद जाड, त्यातून उजेड येत नाही. त्याला गोडेतेल चोळलं की येतो. मी वरची दोन-चार पानं घेतली आणि कात्री लावणार तोच त्यांनी हात धरला. ती त्या आठवड्यातली पहिली पानं होती. जळालेली दुकानं, आकडे. "ही नको. पोरं वाचतील." गठ्ठ्यातून त्यांनी रविवारच्या पुरवण्या निवडून काढल्या. तेव्हा त्या वर्षीचा तारा पाककृती, शब्दकोडं, राशिभविष्य आणि एका लोणच्याच्या जाहिरातीचा झाला. तेलकट पिवळ्या उजेडात कागदाच्या दोन्ही बाजूंची अक्षरं एकमेकांत मिसळत. अंकल खुर्ची टाकून खाली बसत आणि उलट्या बाजूनं दिसणारं शब्दकोडं सोडवायचा प्रयत्न करत. गल्लीतली पोरं, सगळ्या घरांतली, तो तारा वाचायला येत. मी अनेक देखणे तारे केले, पण मरोळच्या लोकांच्या लक्षात राहिला तो हा.

१९९४ मध्ये आम्ही बोरिवलीला, पूर्वेला, स्वतःच्या वन रूम किचनमध्ये आलो. तारा थांबला नाही. फक्त त्याला प्रवास आला. अडीच फुटांचा तारा संध्याकाळच्या लोकलमध्ये नेता येत नाही. तो दुपारी, लगेजच्या डब्यातून न्यावा लागतो. तिथल्या मासळीवाल्या मावश्यांनी त्याला पाट्यांपासून जपून हातोहात वर धरलेलं मी पाहिलं आहे. एकीनं विचारलं होतं, "कुठं पोचवतोस रं?" मरोळ म्हटल्यावर म्हणाली, "मग अंधेरीला दरवाज्यात आधी तू उतर, तारा मी देते."

आणि आता ती गोष्ट, जी मला सांगायला आवडत नाही. १९९७ अखेरीस पाचव्या वेतन आयोगाची थकबाकी हातात पडली. एकरकमी एवढे पैसे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. वाटलं, इतकी वर्षं या माणसांनी आपल्याला इतकं दिलं, भाडं वाढवताना दहा वेळा विचार केला, आईच्या आजारपणात रात्री रिक्षा आणून दिली. आणि आपण काय देतो, तर कामट्या आणि खळ. क्रॉफर्ड मार्केटातून मी एक मोठा प्लॅस्टिकचा तारा घेतला, आत लुकलुकणारी माळ असलेला. शिवाय सहा माणसांचा डिनर सेट. चमकीच्या कागदात बांधून, टॅक्सी करून मरोळला गेलो. टॅक्सी करून!

अंकलनी तारा लावला. आंटींनी डिनर सेट उघडला, छान आहे म्हणाल्या आणि शोकेसमध्ये ठेवला. दीड महिन्यानं, फेब्रुवारीत, दोघं बोरिवलीला आमच्याकडे आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माणसं हातात दुकानाचं खोकं घेऊन आली होती. आत भिंतीवरचं घड्याळ. बायकोनं नंतर दुकानात जाऊन किंमत विचारली (तिनं विचारायला नको होती, पण विचारली). डिनर सेटपेक्षा वीस रुपये जास्त.

माझी मुलुंडची थोरली बहीण आहे, तिच्याकडे आहेराची वही आहे. तिच्या लग्नापासूनची. कुणी काय दिलं, किती दिलं, पुढे त्यांच्याकडे कार्य झालं तेव्हा आपण काय दिलं, सगळं तारीखवार. आपल्याकडे अनेक घरांत अशी वही असते आणि तिला हसण्यात अर्थ नाही. तिच्यामुळे नाती टिकतात. पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापणारे घरी वही फाडून टाकतात असा माझा अनुभव नाही. पुढे मुलगा कॉलेजात समाजशास्त्र शिकायला लागला तेव्हा त्यानं मला मार्सेल मॉस नावाच्या फ्रेंच माणसाबद्दल सांगितलं. भेटवस्तूंवर १९२५ मध्ये मोठा निबंध लिहिणाऱ्या या विद्वानाचं म्हणणं असं की देणं, घेणं आणि परत देणं या तिन्हींची समाजात सक्ती असते. मी मनात म्हटलं, आमच्या ताईनं हे वहीत केव्हाचं लिहून ठेवलंय. मॉसच्या निबंधात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला घड्याळाच्या काट्यासारखी टोचली: कधीकधी मोठी भेट ही समोरच्याला खाली पाहायला लावण्यासाठी दिली जाते. माझ्या मनात तसं नव्हतं. पण टॅक्सीतून उतरताना ओसरीवरच्या सगळ्यांनी पाहावं असं वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगू?

त्या वर्षी ताट आलं नाही, गेलं नाही. भांडण झालं नव्हतं. फिटलं होतं सगळं, एवढंच.

जून १९९८. पहिला पाऊस पडून गेला होता. मरोळला कुणाच्या तरी बारशाला आम्ही गेलो आणि आंटींना भेटायला वळलो. त्या घरात नव्हत्या, मागच्या वाडीत होत्या. ही वाडी गावठाणाच्या मागे, विहिरीपाशी. आम्हा भाडेकरूंना तिकडे जायचं कारण कधी पडलं नव्हतं. मी सकाळी आठला घर सोडणारा माणूस. गेलो, तर घोसाळ्याचे आणि तोंडलीचे वेल जमिनीवर लोळत पडलेले. मी आपलं सहज म्हटलं, "मांडव नाही केला यंदा?"

"काठ्या कुठल्या? यंदा तुझा तारा पेलॅस्टिकचा."

मला कळेना. त्यांनी विहिरीच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे दोन जुने सांगाडे टेकून उभे होते, सुतळी सुटलेली, कामट्या काळ्या पडलेल्या. पण पाच टोकं ओळखू येत होती. सहा जानेवारीला तीन राजांचा सण झाला की तारा उतरायचा, एवढं मला ठाऊक होतं. पुढे त्याचं काय होतं, हे तेवीस वर्षांत मी विचारलं नव्हतं. मला वाटायचं बंबात जात असेल. आंटी त्याचा कागद भिजवून काढत, सांगाडा माळ्यावर ठेवत आणि जूनमध्ये वेलाखाली उभा करत. फुगीर असल्यामुळे तो मातीत रोवावा लागत नाही. आतल्या पाच बुटक्या काड्यांमध्ये वेलाचे तणावे बरोबर अडकतात. "दुसऱ्या कशात इतका चांगला नाय बसत," त्या म्हणाल्या. हे सांगण्यात तक्रार अजिबात नव्हती. वेलाचं बोलत होत्या.

घरी येताना ट्रेनमध्ये माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. दर श्रावणात ताटातून येणारी घोसाळी. त्यांची भजी मी तेवीस वर्षं खाल्ली होती.

त्या डिसेंबरात मी तारा केला तो साडेतीन फुटांचा. लगेजच्या डब्यातही मावेना. आंटींनी ओसरीवर उभं राहून तो वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, "यंदा दुधी लावीन." आठवड्यानं ताट आलं. प्लॅस्टिकचा तारा कुठे गेला मला माहीत नाही. डिनर सेट शोकेसमध्येच राहिला. घड्याळ अजून आमच्याकडे चालतं, पाच मिनिटं पुढे.

अंकल २००१ मध्ये गेले. आंटी २०१४ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, नाताळच्या थोडंच आधी. त्या वर्षी घरात सण नव्हता. तारा मी केला नाही. पुढच्या वर्षी भावंडांत वाटण्या झाल्या, घर पाडायचं ठरलं आणि सामान निघालं. आंटींची धाकटी, जी आम्ही राहायला गेलो तेव्हा अकरा वर्षांची होती आणि माझी खळ ढवळून द्यायला यायची, ती एका रविवारी आमच्याकडे आली. पिशवीतून तिनं ताट काढलं. "दादा, हे तुमचं. नाव आहे वहिनींचं मागे."

ताट घासूनपुसून लख्ख होतं आणि रिकामं होतं.

तिचा काही दोष नव्हता. घर आवरणारं माणूस ज्याचं त्याला पोचवतं. पण ती गेल्यावर बायकोनं ते ताट मांडणीत ठेवलं नाही. ओट्यावरच राहिलं. दोन दिवस आम्ही त्याच्या बाजूनं भाजी चिरत होतो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हे इथे नको. तुम्ही तारा करा, त्याच्याबरोबर पाठवू." तेव्हा ऑक्टोबर होता. मी म्हटलं, अजून दिवाळी व्हायचीय. ती म्हणाली, मग फराळ घालून आधीच पाठवू. तसं पाठवलं.

धाकटी आता इथेच बोरिवलीत, पश्चिमेला, आय. सी. कॉलनीत सातव्या मजल्यावर राहते. शाळेतून रिटायर झाली. मुलं परदेशात. मी पूल ओलांडून जातो तेव्हा वाटेत मंडपेश्वरची लेणी लागतात. पंधरा-एक शतकांपूर्वी खोदलेली ही शंकराची लेणी. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तिथे चर्च केलं. आत नटराज आहे आणि एका भिंतीवर कोरलेला क्रूस. हातात तारा असताना त्या बाजूनं जायला मला आवडतं. कारण विचारू नका.

सातव्या मजल्यावर वाडी नाही. तारा लावायला खिडकीची लोखंडी ग्रिल, आणि सोसायटीचा नियम असा की ग्रिलच्या बाहेर काही लोंबता कामा नये. म्हणून गेली दहा वर्षं माझा तारा दीड फुटाचा झाला आहे. जानेवारीत ती सांगाडा मला परत आणून देते. टाकवत नाही म्हणते. ते माझ्या पोटमाळ्यावर, तिकिटांच्या डब्यांशेजारी, एकात एक अडकवून ठेवलेत.

यंदा काय द्यावं याचा विचार मी गणपती झाल्यापासून करतो आहे. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, उजवा हात थोडा कापतो, बांबू आता बुरूडच चिरून देतो. मुलगा म्हणतो, फोनवरून केक मागवा, रात्री बारा वाजता तिच्या दारात पोचतो. नुसता पोचून काय करू? बायको म्हणते, तिला साखर आहे, आपल्यालाही आहे, तेव्हा कुसवार आणि फराळ हे दोन्ही आता ताटापुरतेच उरलेत. सुका मेवा द्या. सुका मेवा म्हणजे पुन्हा खोकं आलं, चमकीचा कागद आला. एकदा वाटलं, माळ्यावरचे दहाही सांगाडे एकावर एक बांधून मोठं काहीतरी करावं. मग वाटलं, कशासाठी? शेवटी आपला नेहमीचाच तारा करायला घेतला. परवा गॅलरीत बसून कामट्या तासल्या, दहाच्या दहा दीड फुटाला कापल्या, टोकं घासली आणि पाण्यात घालून ठेवल्या.

काल रात्री तिचा फोन. आधी बायकोच्या गुडघ्यांची चौकशी, मग हवापाणी, मग म्हणाली, "दादा, यंदा तारा किती मोठा करताय?"

"ग्रिलच्या मापाचा. दीड फूट."

"मोठा करता येईल का? अडीच तरी. या वर्षी नाताळात तो हॉलमध्ये लावीन, सोसायटी काय म्हणेल ते म्हणू दे. ग्रिलमध्ये मी दोन मोठी पिंपं आणून ठेवलीयेत मातीची. पावसात घोसाळी लावायचीयेत."

कामट्या पाण्यात आहेत. त्या आता राहू देत. उद्या सकाळी बुरूड बसायच्या आत गेलं पाहिजे. उशीर झाला की लांब पेराचा बांबू संपतो.